मामांचा एकधारी रेझर

गेल्या काही वर्षांपासून माझ्या सासऱ्यांचं आणि माझं एकच भांडण चालू आहे, आणि ते रेझरवरून. आहेर, मानपान, कोण कुणाकडं किती दिवस राहिलं, असल्या गोष्टींवरून आमचं कधी वाजलं नाही. पण दाढी करायच्या रेझरला धार एक असावी की दोन, यावरून आम्ही इतक्या वेळा हमरीतुमरीवर आलो आहोत की बायकोनं एकदा सांगूनच टाकलं, तुम्ही दौंडला येता ते दाढीवर बोलायला, आम्ही आपल्या स्वयंपाकापुरत्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. रेल्वेत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. दौंडला रेल्वेलाइनीच्या पलीकडं त्यांचं घर आहे. तिथं ते, मामी आणि माझा मेहुणा असे राहतात. मेहुणा कुरकुंभच्या एका कंपनीत आहे. आम्ही दोघं शिरूरला असतो आणि मी रांजणगावला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. लोखंड आणि पितळ कापून पोट भरणारा माणूस, त्यामुळं धार या विषयावर मला कुणी शिकवलेलं चालत नाही.

मामांचा रेझर दुधारी. वर टोपी, खाली दाते असलेली पट्टी, मधे ब्लेड, आणि ब्लेडच्या दोन्ही कडा दोन बाजूंनी जेमतेम डोकावणाऱ्या. एका बाजूला फेस साठला की मूठ फिरवायची आणि दुसऱ्या बाजूनं पुढं जायचं. मामा ती इतक्या सहज फिरवत की बघणाऱ्याला कळतही नसे. गालावरून दोनदा खाली, मूठ फिरली, पुन्हा दोनदा. रोज सकाळी परसात, नळाजवळच्या भिंतीला आरसा अडकवून हा कार्यक्रम चाले. ड्युटीवर असतानाची सवय. गाडी घेऊन सोलापूरला जायचं असो की मनमाडला, दाढी झाल्याशिवाय ते इंजिनावर चढले नाहीत, असं मामी सांगतात. त्यात थोडा टोमणाही असतो, कारण मामांच्या दाढीपायी मामींचा बंब सगळ्यात आधी पेटायचा.

माझा रेझर एकधारी. मागची बाजू बंद, धार फक्त पुढं. मी तो हौसेनं मागवला. त्याचं वेगळं जाड ब्लेड आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही, म्हणून सलूनवाले वस्तऱ्यात घालतात तसं साधंच ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं घालायचं. अर्ध्या ब्लेडला मागून भक्कम टेकू मिळतो, ते लवत नाही, आणि जबड्याच्या वळणावर नेमकं कुठं टेकलंय ते हाताला कळतं. हे सगळं मी मामांना पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी तो रेझर हातात घेतला, उलटा केला, मागची बंद बाजू बघितली आणि म्हणाले, "ह्यो एकाच बाजूला दार असलेला डबा झाला, पाव्हणं. फलाट दुसऱ्या बाजूला आला, तर उतरायचं कुठनं?"

मी म्हटलं, दोन्हीकडं दारं असली की माणूस भलत्या बाजूला उतरतो. मामा हसले, पण मागं हटले नाहीत. ते म्हणत, दुधारीत ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं झिजतं, पाण्यात कमी वेळा बुडवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे अर्ध्या गालाला एक धार, अर्ध्याला दुसरी, त्यामुळं शेवटच्या हातालाही धार ताजी. मी म्हणे, ज्याच्या हातात कसब आहे त्याला एक धार पुरते. यावर मामी आतून म्हणत, दोघांनी मिळून एकदा घरातल्या विळीला धार लावा. मग आम्ही विषय बदलत असू.

मग मामांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी बशी वाजायला लागली. चहा त्यांनी बशीऐवजी कपानं प्यायला सुरुवात केली, आणि आम्हाला वाटलं, नवीन पद्धत. मग सही वाकडी यायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे वयाचं आहे, गोळीनं थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू होतीच. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत येताना गाडीत बसून आम्हाला पाटसपासून दौंडपर्यंत कुठला सिग्नल कुठं होता ते सांगत राहिले.

असेच एका रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून दौंडला पोचलो, तर मामांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या. बायकोनं विचारलं. मामा म्हणाले, भाजी चिरताना लागलं. स्वयंपाकघरातून मामी ओला हात पुसत बाहेर आल्या.

"ह्यांनी? भाजी?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं कांदा सोललेला मी बघितला न्हाई."

मामांनी पेपर उघडला. बायको माझ्याकडं बघायला लागली. मी खांदे उडवले. दाढी करताना उजव्या हाताच्या चुकीनं डाव्या हाताची बोटं कशी कापतील, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, आणि टूलरूमचा माणूस असून शिरलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी कानाखाली कापलं. जखम मोठी नव्हती, पण रक्त पातळ असल्यामुळं थांबेना. तुरटी झाली, कापूस झाला, टॉवेल भिजला. मेहुण्यानं वडिलांना मोटरसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. तिथं थांबलं. घरी आल्यावर त्यानं रेझर, ब्लेडची पाकिटं, सगळं गोळा केलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला फोनवर सांगताना त्याचा आवाज चढलेला होता, पण आतून तो घाबरला होता. मी त्याला नावं ठेवत नाही. मी त्याच्या जागी असतो तर कुलूप लावलंच असतं, वर चार शब्द ऐकवलेही असते.

मग त्यानं बॅटरीवरचा ट्रिमर आणला. मामांनी तो एका गालावरून फिरवला, गालावरून हात फिरवून बघितला, आणि डबीत भरून परत दिला. म्हणाले, गवत कापलं, मुळं तशीच. मग चौकातल्या सलूनमधला तरुण घरी यायला लागला. उत्तरेकडचा होता, हात हलका, बोलायला गोड. मामांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, त्याच्या गावाला दौंडवरून कुठली गाडी जाते, ती कुठं कुठं थांबते आणि कुठं पाणी भरून घ्यावं, हे सगळं सांगितलं, आईवडिलांची चौकशी केली. त्यानं पिशवीतून पांढरं फडकं काढलं की म्हणायचे, आज राहू दे बेटा. दोन-तीन वेळा असं झालं. तो बिचारा चहा पिऊन हसत परत जायचा.

मामांची दाढी वाढली. पांढरीशुभ्र, खुरटी, गालावर कुठं दाट कुठं विरळ. दुसऱ्या कुणाला ती शोभलीही असती. पण मामांनी बाहेर पडणं बंद केलं. दर रविवारी वंदनेला विहारात सगळ्यांच्या आधी हजर असणारा माणूस, कधी गुडघा दुखतो म्हणायचा, कधी पोट. कुरकुर अजिबात नाही. कपाटाच्या किल्लीबद्दल एक शब्द नाही. ते भांडले असते तर आम्हाला बरं वाटलं असतं. शिरूरला परत आल्यावर बायको ओट्याशी उभी राहून रडली. मामांना ती आप्पा म्हणते. म्हणाली, आजोबा वारले तेव्हासुद्धा आप्पा दाढी करूनच उभे होते.

तर प्रश्न एवढाच होता, की मामांना स्वतःच्या हातानं दाढी करता येणार की नाही. ऐकायला किरकोळ वाटतो. मलाही वाटला, आणि म्हणूनच मी पुढच्या खेपेला त्यांची समजूत घालायला बसलो. परसात दोघंच होतो. भिंतीवर आरशाचा खिळा तेवढा राहिला होता. मी म्हटलं, मामा, पोरगा चांगला आहे, मी स्वतः त्याच्याकडं केस कापून घेतलेत, बसा की एकदा. मामांनी तो खिळा बोटानं हलवून बघितला. मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

त्यांचं गाव भीमेच्या काठाला. गावातला न्हावी सगळ्यांची दाढी करायचा, आमच्या लोकांची सोडून. आम्ही बौद्ध. त्या वेळी गावात आम्हाला ज्या नावानं हाक मारत ते मामांनी उच्चारलं नाही, मीही उच्चारत नाही. वस्तीतलाच एक चुलता एका बोथट वस्तऱ्यानं सगळ्या बाप्यांच्या दाढ्या खरवडायचा. वस्तरा दगडावर घासायचा, साबण नसायचाच. वडील दाढी करून आले की गाल सोलल्यासारखे लाल असत आणि आई खोबरेल लावायची. मामा रेल्वेत हेल्पर म्हणून लागले, पहिला पगार झाला, आणि त्यांनी दौंडच्या बाजारातून हा रेझर घेतला. तो घेऊन आधी गावाला गेले. वडिलांना दारापुढच्या दगडावर बसवलं, गरम पाणी घेतलं, साबणाचा फेस केला आणि त्यांची दाढी केली. स्वतःच्या गालाला रेझर त्यांनी नंतर लावला.

"म्हातारा दिवसभर गालावरनं हात फिरवत बसला," मामा म्हणाले. "मला म्हणला, आता कुणाच्या दारात जायला नको."

असल्या गोष्टी आमच्या घरातही आहेत, पण त्या कुणी सांगत बसत नाही. मुलांना शाळेत घालायचं, पगार वेळेवर घरी आणायचा, पुढं जायचं, अशी आमची रीत. मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ज्यांच्यावर काढायचा ती माणसं कधीच गेली होती, आणि चौकातला तो तरुण आमचं काही देणं लागत नव्हता.

मामांना माझं तोंड बघून दया आली असावी. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्या पोराचा काय दोष न्हाई. लाख माणूस हाय त्यो," ते म्हणाले. "पर माझ्या दाढीसाठी मला कुणाची वाट बघायची न्हाई. एवढंच हाय."

पुढच्या रविवारी मी माझा एकधारी रेझर घेऊन गेलो. खरं सांगतो, मनात थोडी मस्ती होती. एवढ्या वर्षांच्या भांडणाचा निकाल आपल्या बाजूनं लागणार, असं वाटत होतं. मेहुण्याला आधी बाजूला घेऊन पटवलं. तो म्हणाला, दाजी, तुम्ही शेजारी उभं राहणार असाल तरच. मी कापूस आणि तुरटी हातात घेऊन उभा राहिलो. मामी दारात, बायको खिडकीत, मेहुणा आरसा धरून पायरीवर. मामांनी ब्रश फिरवून फेस केला, आणि गालावरून रेझर खाली ओढला. पहिले दोन हात छान गेले. तिसऱ्याला त्यांनी मूठ फिरवली.

जन्मभराची सवय. बंद बाजूनं त्यांनी फेस ओरपला, दाढी जागच्या जागी. पुन्हा मूठ फिरवली, दोन हात बरोबर, पुन्हा फिरवली, दोन हात फुकट. अर्धा गाल झाल्यावर फेस सगळा उतरला आणि खाली दाढीचे पट्टे राहिले, पेरणी करताना मधल्या ओळी चुकाव्यात तसे. मेहुणा आधी हसला. मग मामी हसल्या. मग मामांनी आरशात निरखून बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"पाव्हणं, तुमचा रेझर निम्म्या वेळेला सुट्टीवर असतोय," ते म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी ते घर असं हसलं. पण मी हसता हसता थांबलो, कारण मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं. जबड्याखाली जाताना मामांचा उजवा हात जास्त हलायला लागला, तसा त्यांनी डावा हात वर आणला आणि दोन बोटं रेझरच्या बंद पाठीवर टेकवली. हात तिथंच शांत झाला. दोन हातांनी स्टिअरिंग धरावं, तसा रेझर सरळ खाली आला. मी त्यांना विचारलं, मामा, बोटं तेव्हा भाजीनं कापली का? त्यांनी आरशातूनच माझ्याकडं बघितलं.

"दुसऱ्या धारेनं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांचा उपाय त्यांनी आधीच शोधून काढला होता. हलणाऱ्या हाताला दुसऱ्या हाताची सोबत. फक्त दुधारी रेझरला बोट टेकवायला जागाच नसते, दोन्हीकडं धार. बोटं कापली, तसा त्यांनी डावा हात काढून घेतला, आणि मग एकट्या उजव्या हातानं कानाखाली कापलं. पट्ट्या बघूनही हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

मी म्हटलं, मग हा माझाच ठेवा, सवय होईल. मामांनी दाढी तिथंच सोडली, रेझर स्वच्छ धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ह्यो तुमचा हाय. त्यांचं बरोबर होतं. शिवाय माझ्या रेझरची मूठ हलकी, पाठ गुळगुळीत, फेसानं माखलेलं बोट तिथून घसरणार. मी मेहुण्याकडं किल्ली मागितली. त्यानं कपाट उघडून वडिलांचा जुना रेझर आणून दिला. मामांनी विचारलं, कापणार का ह्याला? मी म्हटलं, एक चरासुद्धा पाडणार नाही. मूठ तुमची, वरचं डोकं मी नवीन बनवतो, आणि जुनी टोपी नि पट्टी तुमच्याजवळ राहू द्या. त्यांनी त्या दोन्ही वस्तू रुमालात बांधून खिशात घातल्या.

सुपरवायझरला विचारून मी जेवणाच्या सुट्टीत काम धरलं. भंगारातला पितळेचा एक चांगला तुकडा मिळाला. पहिली अडचण आट्यांची. मुठीतले आटे जुने, इंचाच्या मापाचे, आणि आमचा सगळा कारभार मिलिमीटरचा. लेथचे गिअर बदलून तसे आटे पाडले, ते पहिल्यांदा ढिले झाले, तुकडा फेकून दुसरा घेतला. तोवर टूलरूममध्ये बातमी पसरली होती आणि डबा खाता खाता प्रत्येक जण सल्ला द्यायला येत होता. एक म्हणाला वजन कमी ठेवा, दुसरा म्हणाला जास्त ठेवा. मी जास्त ठेवलं. हलणाऱ्या हाताला जड वस्तू बरी, ती हाताबरोबर लगेच उडत नाही. मुठीवरही पितळेचं एक कडं चढवलं, मुठीला धक्का न लावता काढता येईल असं. डोक्याची मागची बाजू जाड आणि बंद केली, आणि तिच्यावर दोन बोटं बसतील असा उथळ खळगा घेतला. धार मात्र अगदी नावाला बाहेर ठेवली. दोन हात जास्त फिरवावे लागले तर लागू देत, पण कापायला नको.

गेटवर सिक्युरिटीनं अडवलं. बिहारचा माणूस, नियमाला पक्का. हे काय म्हणून विचारलं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, दाढ़ी का है, ससुरजी के लिए बनाया, उनका हाथ हिलता है, आणि सुपरवायझरची चिठ्ठी दाखवली. त्यानं ते पितळ उजेडात फिरवून बघितलं, खळग्यात आपली बोटं ठेवून बघितली. मग म्हणाला, माझ्या वडिलांचाही हात हलतो. गेटबाहेर पडल्यावर कारेगावच्या स्टॉलवर मी एकटाच चहा प्यायलो आणि फार खूश होतो. आयुष्यात मी कितीतरी डाय, म्हणजे साचे, बनवले, त्यांनी पुढं काय घडलं ते कधी बघायला मिळत नाही. हे बघायला मिळणार होतं.

मामांनी नवा रेझर हातात तोलला, बोटं खळग्यात ठेवली आणि मान हलवली. मी लगेच संधी साधली. म्हटलं, शेवटी एकधारीवर आलात. ते म्हणाले, दुधारीच चांगला, हात म्हातारा झाला म्हणून ह्यो. एवढं होऊनही माघार नाही.

पुढचे काही दिवस त्यांनी ब्लेड न घालता सराव केला. मामींचा फोन यायचा, हे सकाळ-संध्याकाळ तोंडाला फेस फासून बसतात, रिकामा रेझर ओढतात, साबणाची वडी संपत आली, तुमच्या जावईबुद्धीनं माझ्या घरात काय लावून दिलंय. आवाजात तक्रार कमी आणि आनंद जास्त. बोटं एकदा खळग्यात बसली की मूठ फिरत नाही, हेही त्यांनीच कळवलं. अर्धं ब्लेड मोडायचं काम मामींनी आपल्याकडं घेतलं. कागदातच वाकवायचं, टक् आवाज आला की झालं. अर्ध्या तुकड्यांची स्टीलची डबी त्यांनी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली, ती माझ्या बायकोनं तिथून उचलून आरशाच्या फळीवर नेली. मामांनी ही मदत बिनतक्रार घेतली. बायको म्हणाली, आईची मदत आप्पांना मदत वाटतच नाही.

आणि मग तो रविवार. ऊन परसात उतरलं होतं. खिळ्यावर आरसा परत आला होता. मामा बनियनवर, गळ्यात टॉवेल. मी कापूस आणि तुरटी घेऊन ठरल्याप्रमाणं शेजारी. मेहुणा दारात उभा, हाताची घडी घातलेली, चेहरा ताणलेला. दाढी चांगलीच वाढलेली होती, म्हणून आधी तिला गरम टॉवेलचा शेक दिला. मग ब्रश. फेस कानापर्यंत.

उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन बोटं पाठीवर. पहिला हात कानाजवळून खाली आला तेव्हा मी श्वास धरला होता. करकर असा बारीक आवाज येत होता. रेझर मधेच थांबायचा, मामा हात सावरायचे, पुन्हा खाली. तांब्यातलं पाणी निवलं, मामींनी दुसरं आणून दिलं. कुणी घाई केली नाही. उजवा गाल झाला. ओठावरची झाली, तिथं ते फार हळू गेले. हनुवटी झाली. मग डावा गाल, डावा जबडा. रक्ताचा एक ठिपकासुद्धा कुठं दिसला नाही. मेहुण्यानं हाताची घडी सोडली आणि पायरीवर बसला.

मामांनी तोंड धुतलं, टॉवेलनं टिपलं आणि आमच्याकडं वळले. गाल चकचकीत, मधल्या दिवसांत किती सुकले होते तेही आता दिसत होतं. बायको पुढं झाली आणि थांबली. डाव्या जबड्याच्या खाली, मानेच्या वळणावर, पांढऱ्या केसांचा एक पट्टा तसाच राहिला होता, करंगळीएवढा. मला दिसला. मामींना दिसला. आरशात मात्र तो येत नव्हता.

मी रेझर उचलला. म्हटलं, मामा, खाली थोडी राहिलीय, मान वर करा, एका हातात काढतो. मामांनी मानेवरून बोटं फिरवली. ती त्या पट्ट्यावर येऊन थांबली, पुढं मागं झाली, जागा नीट चाचपून बघितली. मग त्यांनी माझ्या हातातून रेझर घेतला.

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "माझ्याच हातानं ऱ्हायलीय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मामांनी तुरटी ओली करून दोन्ही गालांवरून फिरवली, त्या पट्ट्यावरूनही फिरवली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि वंदनेला उशीर होतोय म्हणत विहाराच्या रस्त्याला आमच्या पुढं चालायला लागले.